खराटा आणि पाऊस : फरसबंद भूमीची झाडलोट व पर्जन्यजलाचा मार्ग

१

मराठी घरात झाडण्याची साधने दोन. शिंदीच्या पानांची मऊ केरसुणी घराच्या आतल्या जमिनीसाठी, आणि नारळाच्या हिरांचा ताठ खराटा अंगणासाठी व रस्त्यासाठी. केरसुणीला लक्ष्मी मानले जाते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात आणि एरवी चुकून पाय लागला तरी तिला नमस्कार करतात. खराट्याच्या वाट्याला हा मान कधी आला नाही. तो अंगणाच्या कोपऱ्यात, पावसाउन्हात उभा असतो. भेद वरवर क्षुल्लक आहे. परंतु स्वच्छतेची सीमा संस्कृतीने कोठे आखली आहे, हे त्यावरून कळते. ती सीमा उंबरठ्यापाशी, फार तर सडासंमार्जन केलेल्या अंगणाच्या कडेपाशी संपते. पलीकडे जे आहे ते 'बाहेर', आणि केर बाहेर गेला की तो दृष्टीआड झाला असे समजण्याची रीत आहे.

पावसाच्या पाण्याला मात्र उंबरठ्याची ही मर्यादा ठाऊक नसते. उंच जागेवरून ते सखल जागेकडे जाते आणि वाटेत जे सुटे सापडेल ते बरोबर नेते. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून कडेच्या पन्हळीत, पन्हळीतून जाळीखालच्या नळात, नळातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत किंवा समुद्रात असा त्याचा अखंड प्रवास आहे. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा या अखंडत्वाशी निगडित आहे. रस्ता झाडणे आणि पावसाळी नाला मोकळा राखणे ही वस्तुतः एकाच कामाची दोन टोके होत. भाषेने, प्रशासनाने आणि जातिव्यवस्थेने ती परस्परांपासून तोडली आहेत, आणि या तुटीची किंमत दर पावसाळ्यात मोजावी लागते.

२

प्राचीन भारतीय शास्त्रकारांच्या दृष्टीला ही दोन टोके एकत्र दिसत होती, असे मानावयास आधार आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील ३६ व्या अध्यायात नगराची व्यवस्था पाहणाऱ्या 'नागरिक' या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० साली प्रसिद्ध केली. तिच्यात हे प्रकरण पाहिले असता दंडांची एक लक्षणीय मांडणी आढळते. रस्त्यावर धूळमाती टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग दंड सांगितला आहे. चिखलपाण्याने रस्ता अडवणाऱ्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे पाव पण. आणि हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दंड आणखी दुप्पट. सूत्रकाराने धूळ आणि तुंबलेले पाणी यांच्यातील कार्यकारणसंबंध शब्दांनी सांगितलेला नाही. तथापि दोन्ही अपराध त्याने लागोपाठ ठेवले आहेत आणि दुसरा पहिल्याहून भारी मानला आहे. घरबांधणीच्या प्रकरणातही शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर राखून पाण्याला उताराचा मार्ग करून द्यावा, असा नियम याच ग्रंथात येतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील तरतूद निराळ्या कारणाने महत्त्वाची आहे. संकट नसताना राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण तत्काळ काढावी, असे तेथे म्हटले आहे. आपद्ग्रस्त मनुष्य, वृद्ध, गर्भवती आणि बालक यांना मात्र दंड नाही, केवळ समज द्यावयाची आहे. परंतु ती जागा स्वच्छ झालीच पाहिजे, हे कलम त्यांच्या बाबतीतही कायम राहते. दंड माफ होऊ शकतो, शोधन माफ होत नाही. अपराध कोणाचा याचा निवाडा मागाहून होऊ शकतो. पाऊस त्या निवाड्यासाठी थांबत नाही, एवढे व्यवहारज्ञान या तरतुदीत आहे. मात्र हे शोधन प्रत्यक्षात कोणाच्या माथी मारले गेले, हा या परंपरेचा दुसरा भाग होय. त्याचा विचार पुढे येईल.

३

फरसबंद भूमीवर हा प्रश्न अधिक तीव्र का होतो, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एक हजार चौरस मीटरचे अंगण घेतले आणि त्यावर तासाला ५० मिलिमीटर या मानाने पाऊस पडला, तर तासाभरात ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी जमते. हे अंगण मातीचे असेल आणि निम्मे पाणी जमिनीत मुरत असेल, तर सेकंदाला सुमारे ७ लिटर पाण्याला वाट काढून द्यावी लागते. तेच अंगण काँक्रीटचे, डांबराचे किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचे केले, तर मुरणे जवळजवळ थांबते आणि सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी जाळीकडे धावते. जमिनीने शोषून घेण्याचे जे काम बिनबोभाट चालवले होते, ते सर्व नळावर येऊन पडते.

आता याच अंगणावर कोरड्या ऋतूत केवळ एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर साचला आहे असे समजावे. डोळ्याला तो जेमतेम दिसेल. पण त्याचे घनफळ एक घनमीटर भरते. मातीच्या जमिनीवर ही धूळ गवताच्या मुळांशी, खळग्यांत अडकून राहते. फरसबंद भूमी गुळगुळीत असल्यामुळे तिच्यावर अडकण्यास जागा नसते. धूळ वाऱ्याने आणि वाहनांच्या चाकांनी उडून पदपथाच्या कठड्यालगतच्या अरुंद पट्ट्यात येऊन बसते, आणि पावसाचे पाणी ज्या वाटेने जाणार ती नेमकी हीच पट्टी असते.

नळात शिरलेल्या वाळूचे भवितव्य पाण्याच्या वेगावर ठरते. वाळू व खडे वाहते राहावयाचे तर प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ ते ०.७५ मीटर वेग लागतो. पाऊस ओसरला किंवा उतार अपुरा पडला की वेग त्याखाली येतो आणि गाळ तळाशी बसतो. गोल नळात व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी गाळाची उंची झाली, तर छेदाचे क्षेत्र सुमारे एकपंचमांशाने घटते. खडबडीत तळामुळे वेगही मंदावतो, आणि मंद प्रवाहातून आणखी गाळ खाली बसतो. अशा रीतीने गाळ स्वतःच आपली वाढ करीत जातो.

नळ गाळाने भरावा लागतो असेही नाही. पुष्कळदा नळ रिकामा असतो आणि रस्ता जलमय असतो, कारण पाणी आत शिरण्याची जाळीच एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीने आणि तिच्यावर थापल्या गेलेल्या पालापाचोळ्याने बंद झालेली असते. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या जलवाहिनीची शक्ती अखेर त्या हातभर जाळीच्या मोकळेपणाएवढीच उरते.

४

मुंबईचे उदाहरण या सर्व कारणांना एका ठिकाणी दाखवते. या शहराचा मोठा भाग समुद्र हटवून मिळवलेला आहे. अठराव्या शतकात वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधली समुद्राची वाट हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बुजवली गेली, आणि त्यामागची सखल जमीन पुढे वस्तीखाली आली. अशा भूमीतून वाहणाऱ्या नाल्यांना उतार थोडा, आणि त्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वेळी समुद्र बाहेरून दार लावून घेतो. नाल्यातील पाणी स्थिर होते आणि गाळाला बसावयास निवांत जागा मिळते. मूळ शहरात जुन्या कमानदार विटबांधणीच्या वाहिन्या रस्त्याखालून जातात; उपनगरांत रस्त्याकडेची गटारे व त्यांवरचे ढापे यांवरच पुष्कळशी मदार आहे.

ही जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ हा प्रवाहगुणांक धरून आखलेली होती. पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच नाल्यात येईल, उरलेले जमीन शोषील, अशी ती कल्पना. १९९३ साली सादर झालेल्या, ब्रिमस्टोवॅड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालाने तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि १ हा प्रवाहगुणांक धरण्याची शिफारस केली. पहिला आकडा दुप्पट आणि दुसराही दुप्पट. म्हणजे वाहिन्यांवरचा अपेक्षित भार चौपट झाला. या चौपटीतील अर्धा वाटा पावसाच्या अंदाजाचा असला, तरी अर्धा वाटा फरसबंदीचा आहे. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे उभी राहिली. त्यांच्याही तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या लावाव्या लागतात. रस्त्यावर जे उचलले गेले नाही, ते यंत्राच्या दारात येऊन उभे राहते.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच काळात कुलाब्यास तो अवघा ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. शेकडो माणसे प्राणास मुकली; ओसरलेल्या पाण्यामागून उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या आपत्तीची कारणे तपासली. इतका पाऊस कितीही निर्मळ रस्त्यांनी आणि नाल्यांनी पेलला नसता, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. खराट्याचे क्षेत्र त्या असामान्य दिवसाचे नव्हे. तासाला वीस-तीस मिलिमीटर पडणाऱ्या, दरवर्षी अनेकदा येणाऱ्या सामान्य पावसाचे ते क्षेत्र आहे. अशा पावसात पाणी तुंबले तर बहुधा दोष आकाशाकडे नसतो.

मुंबईच्या हवामानाने या कामाची घटकाही ठरवून दिली आहे. ऑक्टोबरपासून जूनच्या आरंभापर्यंत सुमारे आठ महिने कोरडे जातात. या काळात रस्त्यांवर धूळ, टायरांचा झिजलेला रबर, गळालेले तेल आणि बांधकामाचा राडारोडा साचतो. मे महिन्यात गुलमोहर आणि सोनमोहर यांच्या फुलांचे सडे पडतात. डोळ्यांना सुखावणारा हा सडा पहिल्या सरीबरोबर जाळीवर येऊन बसतो. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत गढूळ आणि सर्वांत अडथळ्याचे असते. वर्षाची झाडलोट त्या एका सरीच्या आधी पूर्ण व्हावयास हवी.

५

या व्यवस्थेतील गोंधळाला शब्दांचाही हातभार लागला आहे. मुंबईत सांडपाणी व मैला नेणाऱ्या वाहिन्या आणि पावसाचे पाणी नेणाऱ्या वाहिन्या या दोन वेगळ्या रचना आहेत. शासकीय परिभाषेत त्यांना अनुक्रमे 'मलनिःसारण वाहिनी' आणि 'पर्जन्यजलवाहिनी' अशी नेटकी नावे आहेत. बोलीत मात्र दोन्हींना एकच शब्द, गटार. गटार म्हटले की घाणीची जागा, आणि घाणीच्या जागी घाण टाकण्यात गैर ते काय, असा अर्थ शब्दातच रुजला आहे. फरशी धुतलेले पाणी, भाजीचे देठ, सिमेंट कालवलेल्या घमेल्याचे धुवण हे सारे त्यामुळे निःशंकपणे जाळीत ओतले जाते. मलनिःसारण वाहिनीची वाट शुद्धीकरण केंद्राकडे असते. पर्जन्यजलवाहिनीची वाट थेट समुद्राकडे असते, मध्ये कोणतेही केंद्र नसते, हा भेद बोलीतील शब्दाने पुसून टाकला आहे. जो शब्द भेद जपतो तो कोणाच्या ओठी नाही आणि जो ओठी आहे तो भेद जपत नाही.

'नालेसफाई' हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. पावसाळ्यापूर्वी नाल्यातील गाळ उपसण्याच्या मोहिमेला तो लावला जातो, आणि सफाई नाल्याचीच करावयाची असते असे त्यातून सूचित होते. गाळ नाल्यात जन्मत नाही, तो रस्त्यावरून येतो, हे शब्दाच्या कक्षेबाहेर राहते. प्रशासनाची रचना याच शब्दांना अनुसरून झाली आहे. झाडलोट घनकचऱ्याच्या खात्याकडे, वाहिन्या पर्जन्यजलाच्या खात्याकडे. पहिल्याने जाळीत लोटलेले दुसऱ्याने उपसावे, आणि उपशाचे ढीग काठावर राहिले तर पावसाने ते पुन्हा आत न्यावेत, असे हे चक्र आहे.

६

झाडण्याची क्रिया केव्हा पूर्ण होते, याचे उत्तर मराठी संतवाङ्मयात सापडते. जनाबाईच्या नावे प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात जनी झाडते, देव केर भरतो, आणि मग तोच पाटी माथ्यावर घेऊन तो केर लांब नेऊन टाकतो. भक्ताचे हलके काम करताना देवाला कमीपणा वाटत नाही, हा या रचनेचा भक्तिपर आशय सर्वपरिचित आहे. परंतु कामाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात तीन क्रिया स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत : झाडणे, भरणे आणि दूर नेणे. देवाकडे यांपैकी शेवटच्या दोन आल्या आहेत, आणि आजच्या रस्त्यांवर नेमक्या याच दोन सुटतात. केर लोटून जाळीपाशी ढीग केला आणि ढीग तेथेच राहिला, तर ते झाडणे नाल्याच्या दृष्टीने न झाडण्याहूनही वाईट ठरते. विखुरलेला केर त्याने नाल्याच्या दारात एकवटून दिलेला असतो.

फरसबंद भूमीच्या झाडलोटीचे नियम या सूत्रातूनच निघतात. झाडण्याची दिशा जाळीपासून दूर असावी. कठड्यालगतची पट्टी आधी झाडावी, कारण मुख्य साठा तेथे असतो. ढीग होताच तो पाटीत किंवा गाडीत भरावा. आधी कोरडे झाडल्यावाचून पाण्याचा पाइप लावून अंगण धुऊ नये. तसे धुणे म्हणजे नाल्याला कृत्रिम पहिला पाऊस देणे होय. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा. वाळूचे ढीग झाकलेले असावेत आणि कडेने अडसर असावा. जाळीवरचा पाला हाताने किंवा पंजाने वर काढावा, खाली ढकलू नये.

खराट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९७२ साली सार्टर आणि बॉइड यांनी अमेरिकेतील शहरांच्या रस्त्यांवरील धुळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यंत बारीक कणांचा वजनातील वाटा अल्प असूनही प्रदूषक द्रव्यांचा मोठा हिस्सा त्यांनाच चिकटलेला असतो, आणि नेहमीच्या झाडणीतून हे कण निसटतात, असे त्यांना आढळले. म्हणजे खराटा नाला तुंबू देत नाही, पण समुद्र पूर्णतः निर्मळ राखू शकत नाही. वाळू, खडे, पाने आणि पिशव्या हे नाल्याचे शत्रू. सूक्ष्म धूळ ही समुद्राची शत्रू. पहिल्यांचा बंदोबस्त झाडण्याने होतो, दुसरीसाठी अधिक उपाय लागतात.

७

रस्त्यावर न उचललेला केर अखेर कोणीतरी उचलतोच. प्रश्न एवढाच की तो उजेडात, उभ्याने, हाती खराटा घेऊन उचलावा लागतो, की अंधारात, गळ्याइतक्या गाळात उतरून. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नाची दुसरी बाजू परिचित आहे. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' (१९३५), तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'तोट्टियुडे मकन' (१९४७) आणि अमृतलाल नागर यांची 'नाच्यौ बहुत गोपाल' (१९७८) या इंग्रजी, मल्याळम् आणि हिंदी कादंबऱ्यांनी सफाईकाम जन्माने कसे वाट्याला येते हे दाखवले. तकळींच्या कादंबरीत तर ते पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकते. मराठीत 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाचा खटला गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूभोवती उभा आहे. या कृतींकडे सामाजिक अन्यायाचे चित्रण म्हणून पाहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्यातील माणूस ज्या गाळाशी झगडतो तो कोठून येतो, हा प्रश्नही वाचकाने विचारावयास हवा. त्याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या दाराबाहेरच्या फरशीवर मिळते.

२०१३ च्या केंद्रीय कायद्याने मलवाहिन्यांत व मैल्याच्या टाक्यांत संरक्षणावाचून माणूस उतरवण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढावी लागली, यातच मृत्यू थांबले नाहीत हे आले. पर्जन्यजलवाहिनी कायद्याच्या भाषेत वेगळी असली, तरी वस्त्यांतील सांडपाणी नाल्यांत मिसळत असल्याने आतल्या माणसाला हा भेद फारसा उपयोगी पडत नाही. धोका केवळ त्याच्यापुरताही राहत नाही. जाळ्या तुंबल्या की पाणी लवकर उतरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडण्याची प्रवृत्ती शहरांत आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा अंत झाला.

या पार्श्वभूमीवर गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) हातातील खराट्याचे महत्त्व ध्यानी येते. गावात आल्यावर दिवसा रस्ते आणि गटारे झाडावयाची आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. महाराष्ट्र शासनाने पुढे ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, आणि त्यांची प्रतिमा खराट्यासह सर्वत्र पोचली. ज्या साधनाला घरात जागा नव्हती, ते त्यांनी सर्वांच्या देखत, सार्वजनिक भूमीवर चालवले. त्यांच्या क्रमात झाडणे आधी होते आणि उपदेश नंतर होता. पावसाळ्याच्या संदर्भातही हाच क्रम उपयोगी ठरतो. मान्सून केरळच्या किनाऱ्यावर आल्याची वार्ता ऐकल्यापासून मुंबईला बहुधा आठवडा-दहा दिवसांची सवड मिळते. तेवढ्या अवधीत सोसायटीच्या अंगणातील कठड्यालगतची पट्टी झाडून, केर पाटीत भरून, पाटी दूर नेऊन रिकामी झाली असेल, तर पहिल्या सरीचे पाणी जाळीतून खाली उतरते आणि त्याच्या मागे कोणाला खाली उतरावे लागत नाही.